विदर्भातल्या गावाहून क्रूझला जायचंय: भाडं खरोखर कुठे कमी होतं?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं कुटुंब आहे: नवरा-बायको, १२ आणि ८ वर्षांची दोन मुलं, आणि पासष्टीची आई. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची जाहिरात मोबाइलवर आली, ‘माणशी इतक्या हजारांपासून, मुलं फुकट’. हे खरं धरायचं का, आणि स्वस्तात स्वस्त बुकिंग कधी, कुठून करायचं?

जाहिरात बहुतेक वेळा खोटी नसते, पण तिच्यातला ‘पासून’ हा शब्द नीट वाचा. तो आकडा सगळ्यात कमी मागणीच्या तारखेचा, बिनखिडकीच्या आतल्या खोलीचा आणि एका खोलीत दोन मोठी माणसं धरून काढलेला असतो. पोर्ट चार्ज म्हणजे बंदराचं शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी त्यात बहुधा धरलेले नसतात. शिवाय तो मुंबईच्या धक्क्यापासूनचा आहे. तुमचा खर्च घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो आणि उंबऱ्याशीच संपतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला स्वस्त पडणारी फेरी दारव्ह्याच्या माणसाला महाग पडू शकते. उलटही होतं, आणि ते कसं साधायचं हेच इथे सांगायचं आहे.

आधी रात्रींचा हिशेब. समजा धामणगाव किंवा बडनेऱ्यापर्यंतची गाडी, पाच जणांचं रेल्वेचं जाणं-येणं, मुंबईतला एक मुक्काम आणि वाटेतलं खाणंपिणं मिळून १८,००० रुपये लागले. दोन रात्रींची क्रूझ घेतली तर दर रात्रीवर ९,००० रुपये हा प्रवासाचाच बोजा चढला. चार रात्रींची घेतली तर तो ४,५०० वर येतो. त्यात जहाजावर चढायला दुपार होते आणि शेवटच्या दिवशी सकाळी उतरवतात, म्हणजे दोन रात्रींच्या फेरीत हाती पुरता एकच दिवस लागतो. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी दोन रात्रींच्या ‘वीकेंड’ फेरीकडे पाहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन रात्री ही खालची मर्यादा धरा. चार-पाच रात्रींची, लक्षद्वीप किंवा कोचीकडे जाणारी फेरी परवडत असेल तर तीच घ्या. माणशी भाडं जास्त दिसेल, पण एका रात्रीचा खर्च काढून बघा.

आता तारीख. मुंबईहून मोठ्या जहाजाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे कॉर्डेलियासारखी कंपनी आपलं ‘एम्प्रेस’ जहाज त्या काळात पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे नेते. मुंबईच्या हंगामात दिवाळी, नाताळ ते १ जानेवारी, सुट्टीला जोडून येणारे शनिवार-रविवार आणि मे महिना हे दिवस सगळ्यात महाग. संक्रांतीनंतरपासून मार्चअखेरपर्यंतच्या मधल्या वाराच्या फेऱ्या, म्हणजे सोमवारी किंवा मंगळवारी सुटणाऱ्या, बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त. शहरातला नोकरदार शुक्रवारी संध्याकाळीच निघू शकतो, म्हणून शुक्रवारचं भाडं वर आणि सोमवारचं खाली. शेतकऱ्याला ते बंधन नाही, आणि त्याच्या हातातली सगळ्यात मोठी सवलत हीच आहे. ती कुठल्या कूपनात सापडत नाही.

पण शेताचंही वेळापत्रक असतं. कोरडवाहू वावर असेल आणि फरदड, म्हणजे कापसाचं पीक जादा वेचणीसाठी पुढे, ठेवायची नसेल, तर तूर निघून कापसाची उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी झाली की फेब्रुवारीत माणूस मोकळा होतो. ओलिताचा गहू-हरभरा असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा धरा. मुलांची शाळा बुडवायची नसेल तर एप्रिलची वार्षिक परीक्षा उरकताच, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली मधल्या वाराची फेरी शोधा. मेच्या पहिल्या शनिवारपेक्षा ती बहुधा स्वस्तच निघते. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात आल्यावर मगच बुकिंग करायचं असं ठरवून बसू नका. बहुतेक ठिकाणी काही टक्के रक्कम भरून खोली धरता येते आणि उरलेली ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायची असते. ती तारीख चुकारा यायच्या आत पडत नाही ना, एवढं बघा.

हंगाम बदलताना जहाज मुंबईहून चेन्नईकडे जातं आणि पावसाळा सरल्यावर परत येतं. तेव्हा जहाज रिकामं नेण्यापेक्षा एकेरी फेरी विकायला काढतात, आणि दर रात्रीचं भाडं पुष्कळ उतरतं. मुंबईच्या माणसाला चेन्नईहून परत यायचा खर्च नडतो. आपल्याला तितका नडत नाही. चेन्नईहून नागपूरकडे येणाऱ्या जीटी, तामिळनाडूसारख्या गाड्या बल्लारशाहवरून येतात. म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांना चेन्नई परतीला सोयीचंच आहे. यवतमाळकरांनाही हिशेब करून बघायला हरकत नाही.

आता ‘मुलं फुकट’. इथे बहुतेक कुटुंबं फसतात. फसवणूक म्हणून नव्हे, नियम माहीत नसतो म्हणून. क्रूझचं भाडं खोलीतल्या पहिल्या दोन माणसांवर बसतं. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला सूट, आणि ते मूल असेल तर कधी भाडं माफ. पहिल्या दोघांत मूल आलं तर ते मोठ्या माणसाचंच भाडं देतं. आणि खोलीत एकटाच माणूस असेल तर त्याला बहुधा दोघांचं भाडं पडतं. साध्या खोलीत जास्तीत जास्त चार जण मावतात, त्यामुळे तुम्हा पाच जणांना दोन खोल्या लागणार.

समजा मोठ्या माणसाचं भाडं २०,००० आहे आणि पोर्ट चार्ज व सेवा शुल्क मिळून माणशी ३,५००. एका खोलीत तुम्ही दोघं आणि दोन्ही मुलं, दुसरीत आई एकटी, असं केलं तर तुमचे ४०,०००, मुलांचे शून्य, आईचे दुप्पट म्हणजे ४०,०००. एकूण ८०,०००. दुसरी मांडणी: एका खोलीत तुम्ही दोघं आणि धाकटं, दुसरीत आई आणि थोरलं. तुमचे ४०,०००, धाकट्याचे शून्य, आई आणि थोरल्याचे ४०,०००. पुन्हा ८०,०००. जाहिरातीत दोन मुलं फुकट होती, प्रत्यक्षात एकाच्याच फुकटाचा फायदा झाला. मुलाला फुकट नसून अर्धं भाडं असेल तर मात्र दोन्ही मांडण्यांत फरक पडतो: पहिलीत १,००,०००, दुसरीत ९०,०००. मग दुसरीच घ्यायची. यावर पाचही जणांचे ३,५०० प्रमाणे १७,५०० रुपये सगळीकडे लागतातच. फुकट मुलालाही पोर्ट चार्ज सुटत नाही. जीएसटी त्यानंतर.

आणि या हिशेबातली सगळ्यात कामाची गोष्ट: आईला एकटीला दुप्पट भाडं पडतच असेल, तर मावशीला किंवा आत्यालाही सोबत घ्या. आईच्या खोलीतली दुसरी जागा आधीच विकत घेतलेली आहे. सहाव्या माणसाचं भाडं वाढत नाही, फक्त ३,५०० रुपये आणि कर वाढतात. आईलाही रात्री सोबत होते, मुलं तुमच्याजवळ राहतात. आईला गुडघ्यांचा त्रास असेल तर खोली लिफ्टजवळची मागून घ्या. त्याला सहसा पैसे पडत नाहीत, मात्र बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं.

खोलीच्या प्रकारात पैसे वाचवायचे तर आतली बिनखिडकीची खोली बिनधास्त घ्या. दिवसभर माणूस डेकवर, जेवणात, कार्यक्रमांत असतो. खोली झोपण्यापुरती. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी लागतात आणि आतल्या स्वस्त खोल्या बऱ्याचदा तिथेच असतात. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्याला बाल्कनीपेक्षा ही खोली जास्त सुखाची. फक्त कोंडल्यासारखं होणाऱ्या माणसाला ती देऊ नका. ‘गॅरंटी’ नावाचं बुकिंग आणखी स्वस्त असतं, त्यात खोलीचा प्रकार ठरलेला, नंबर मात्र कंपनी शेवटी देते. दोघांसाठी ते उत्तम. तुमच्यासारख्या दोन खोल्यांच्या कुटुंबाने ते घेऊ नये, एक खोली पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला येऊ शकते. मुलं आणि म्हातारं माणूस सोबत असताना ती बचत अंगावर येते.

लवकर बुकिंग की शेवटच्या क्षणी? दोन्हींत सवलत असते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत उरलेल्या खोल्या उतरत्या भावात निघतात हे खरं. पण तेव्हा रेल्वेचं काय? १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती-मुंबई गाडीत सुट्ट्यांच्या दिवसांतली तिकिटं भराभर संपतात. मग तत्काळ, किंवा समृद्धी महामार्गावरून ट्रॅव्हल्स. जहाजावर वाचवलेले पैसे असे रस्त्यावर जातात. शिवाय उरलेल्या खोल्यांत एकमेकींना लागून दोन मिळतील याची खात्री नसते. म्हणून नियम सोपा ठेवा: दोघंच असाल आणि तारखेला बांधलेले नसाल तर शेवटच्या क्षणाची वाट बघा. मुलं-म्हातारी माणसं असतील तर तीन-चार महिने आधी घ्या, आणि रेल्वे उघडते तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. जाण्याचा एक, येण्याचा वेगळा.

बुकिंग कुठून करायचं हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. एजंटला कमिशन कंपनी देते, त्यामुळे एजंटचं भाडं आणि कंपनीच्या वेबसाइटवरचं भाडं बऱ्याचदा सारखंच असतं. मग एजंटकडून भाडं कमी करून मागण्यापेक्षा काहीतरी जोडून मागा: वरच्या दर्जाची खोली, बंदरावरच्या सहलीवर सूट, मुंबईतला मुक्काम. एकाच दिवशी, एकाच फेरीसाठी, कंपनीची वेबसाइट, कंपनीचा फोन आणि दोन एजंट यांच्याकडून दर घ्या. दर रोज हलतो, म्हणून आज एक आणि परवा दुसरा विचारून तुलना होत नाही. विचारताना हा मजकूर जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर पाठवा:

‘फेरीची तारीख अमुक. पाच माणसं: मोठी तीन, मुलं १२ आणि ८ वर्षं. आतल्या दोन खोल्या, शेजारी-शेजारी. पोर्ट चार्ज, सेवा शुल्क, जीएसटी सगळं धरून पाचही जणांचे मिळून एकूण किती? बुकिंगला किती भरायचे, बाकी कोणत्या तारखेपर्यंत? त्या तारखेआधी भाडं उतरलं तर कमी करून मिळेल का? रद्द केलं तर कोणत्या दिवसापर्यंत किती टक्के कापले जातील?’

यातला ‘एकूण’ हा शब्द काढू नका. माणशी भाव सांगणाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न विचारा. भाडं उतरण्याचा प्रश्नही उगाच नाही. काही कंपन्या शेवटच्या हप्त्याआधी मागितलं तर नवीन कमी दर लावून देतात किंवा जहाजावर खर्चायला रक्कम देतात. न मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. रद्द करण्याचा तक्ता तर छापून घरातल्या सगळ्यांना दाखवा. निघायच्या तोंडावर रद्द केलं तर पूर्ण रक्कमही जाऊ शकते, आणि स्वस्त ऑफरमध्ये हा नियम बहुतेक वेळा जास्त कडक असतो.

गाव मिळून जायचं असेल तर गटाचं भाडं वेगळंच असतं. परदेशी कंपन्यांत साधारण ८ खोल्या, म्हणजे १६ माणसांपासून गट धरतात आणि तेवढ्या माणसांमागे एकाचं भाडं सुटू शकतं. बचत गट, निवृत्त शिक्षकांची मंडळी, एकाच वाड्यातली तीन-चार घरं यांनी सुट्या सुट्या खोल्या घेण्याआधी हा दर जरूर मागावा.

पैसे देताना सावध राहा. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर रक्कम पाठवू नका. कंपनीच्या किंवा नोंदणी असलेल्या एजन्सीच्या खात्यातच भरा आणि जीएसटी बिल घ्या. बुकिंग नंबर हातात आला की कंपनीच्या ग्राहक सेवेला स्वतः फोन करून पाचही नावं आधार कार्डाप्रमाणे नोंदली आहेत का ते विचारा. ‘तुमचा लकी ड्रॉ लागला, हॉटेलात जोडीने या, फुकट क्रूझ घेऊन जा’ असा फोन आला तर जाऊच नका. तिथे दोन-तीन तास बसवून लाखाच्या घरातली सदस्यता गळ्यात मारतात. ऑनलाइन पैसे फसवून गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दावा करता येतो, त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या दाव्याला शुल्कही नाही.

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझच्या जाहिरातीही आपल्याकडे फिरतात आणि भाडं मुंबईच्या फेरीइतकंच दिसतं. पण नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही, आणि पाच जणांचं विमानभाडं क्रूझपेक्षा जास्त होऊ शकतं. विदेशी जहाजावर टिप म्हणून माणशी रात्रीला साधारण १५ ते २० डॉलर आपोआप बिलात चढतात. ते बहुतेक ठिकाणी मुलांनाही लागतात. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण खिशातून आधी जातोच. सगळ्यात मोठी चूक व्हिसाची: जहाज सिंगापूर सोडून मलेशियाला जातं आणि परत सिंगापूरला येतं, म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर अडकायला होतं. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पहिलीच क्रूझ असेल तर मी मुंबईचीच घ्यायला सांगेन.

लक्षद्वीपच्या फेरीबद्दल एक. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि लोकांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. वारा वाढला की उतरणं रद्द होतं. करारात कंपनीला ती मुभा असते, त्यामुळे भाडं परत मिळत नाही. आईला लाटांवर हलणाऱ्या होडीत पाऊल टाकणं जमेल का, हे आधी विचारात घ्या.

मुंबईत जहाज बॅलार्ड पिअरवरून सुटतं. सीएसएमटीपासून टॅक्सीने थोडंच अंतर आहे, त्यामुळे सकाळी गाडीतून उतरून दुपारी थेट चढू असं वाटतं. तसं करू नका. भुसावळच्या पुढे गाडी तीन-चार तास रखडली तर जहाज थांबत नाही, सुटण्याच्या बऱ्याच आधी चढण्याचं दार बंद होतं आणि पैसे परत मिळत नाहीत. एक दिवस आधी पोचा. मुक्कामाचे दोन-तीन हजार हा या सहलीचा विमाच समजा. परतीला उलट आहे. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळची गाडी आरामात मिळते.

मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा होतात आणि खोलीत यायला कित्येक तास लागतात. आधार, औषधं आणि मुलांचा एकेक कपडा हातातल्या पिशवीत ठेवा. पाणी तापवायची कॉइल, इस्त्री, शेगडी बॅगेत सापडली तर काढून ठेवतात. घरून शिजवलेला डबाही बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि त्याची गरजही पडत नाही. भारतातल्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. माळकरी माणूस असेल किंवा उपास असेल तर बुकिंगच्या वेळी कळवा.

जहाजावर मिळणारं कार्ड हे खोलीची किल्लीही असतं आणि पाकीटही. मुख्य जेवणघरातलं जेवण सहसा भाड्यात असतं. दारू, बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंट, वाय-फाय, स्पा, बंदरावरची सहल वेगळी. पेयांचं पॅकेज दारू न पिणाऱ्याने घेऊ नये. चढल्याबरोबर काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या. व्हिडिओ गेमच्या खोलीत कार्ड दाखवलं की पैसे वळते होतात. किनारा दिसेनासा झाला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचं रोमिंग फार महाग असतं.

उतरायच्या आदल्या रात्री, जेवणानंतर, काउंटरवरून खर्चाचं बिल मागून घ्या आणि ओळीओळीने तपासा. न घेतलेली पेयं आणि दोनदा लागलेली सहल तिथेच वजा करून मिळते. सकाळी रांग लागलेली असते आणि बॅगा तर रात्रीच खाली गेलेल्या असतात.